बेटावरची बाग आणि कोकणचा सडा

हवाई बेटं सगळ्यात जवळच्या खंडापासूनही साडेतीन हजार किलोमीटरहून दूर आहेत. इतक्या एकांतात वनस्पती आपापल्या वाटेने बदलत गेल्या. तिथल्या मूळच्या फुलझाडांपैकी सुमारे ९० टक्के जगात दुसरीकडे सापडत नाहीत. ती जपायला काउआई बेटावर एक राष्ट्रीय वनस्पती उद्यान आहे, अमेरिकी संसदेने १९६४ मध्ये सनद दिलेलं.

आलुला हे तिथलं एक झाड. समुद्राकडच्या उभ्या कड्यांवर वाढणारं, फुगीर खोडाच्या काठीवर कोबीचा गड्डा ठेवावा तसं. त्याच्या लांब नळीच्या फुलांचं परागण करणारा पतंग नाहीसा झाला असावा. मग वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोर लावून कडे उतरत ब्रशने पराग फिरवले, बी धरवलं. आज आलुला युरोपात कुंडीत विकत मिळतं. निसर्गात मात्र २०१४ साली एकच रोप दिसलं होतं, आता तेही गेल्याचं मानतात.

कोकणात बेट म्हणजे सडा. भोवती झाडी आणि खोल माती, मध्ये जांभ्याचा कातळ, त्यावर बोटभर माती; चार महिने पाणी, आठ महिने भट्टी. खालची झाडं इथे तगत नाहीत. पण पहिल्या सरी पडल्या की कातळाच्या खळग्यांतून कोकण दीपकाडीचे दांडे वर येतात, पांढऱ्याशुभ्र फुलांचे. पाऊस सरला की पानं वाळून जातात आणि जमिनीखालचा कांदा पुढच्या जूनपर्यंत निजून राहतो. या किनारपट्टीबाहेर ती आढळत नाही. सात-बाऱ्यावर मात्र अशी जमीन बहुधा पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी.

मग दीपकाडी उचलून बागेत न्यावी, इतकं सोपं आहे का? पुष्कळ झाडांचं बी वाळवून उणे २० अंशांना ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण आंब्याची कोय, फणसाची आठळी, रातांब्याचं (कोकमाचं) बी पूर्ण वाळलं की मेलंच. त्यांची जिवंत झाडंच राखावी लागतात, तीही एकेक नव्हे. रातांब्यात नर-मादी वेगळे. एकाच झाडावरून बांधलेली शंभर कलमं जनुकांच्या हिशेबात एकच झाड. एक रोग आला की सगळी एकदम धोक्यात. म्हणून बागवाले ठिकठिकाणचं बी गोळा करून प्रत्येक मातृवृक्षाची नोंद ठेवतात. मला विचाराल तर बागेतलं खरं धन ती नोंदवहीच.

दीपकाडीचा कांदा कुंडीत जगवता येईल. सड्यावरची डबकी, त्यांतली कीटकभक्षी रोपटी, फुलांवर येणारे किडे कुठल्या कुंडीत भरणार? काउआईचं उद्यानही कुंड्यांवर थांबलेलं नाही. लिमाहुली खोऱ्यातलं मूळ जंगल ते सांभाळतं आणि माणसांनी बेटावर आणलेल्या डुकरांना रोखायला तिथे कुंपण घालतं. आपल्या सड्यांना डुकरांपेक्षा चिरेखाणींचा आणि कलमांचे खड्डे मारायला लावलेल्या सुरुंगांचा धोका मोठा. इथलं कुंपण पोकलेनला अडवणारं हवं.