संत्र्याच्या बागेतलं मोरचूद आणि शाळेतला तांब्याचा मुलामा

विजेच्या साहाय्याने धातूवर धातू चढवता येतो, हे 1800 साली व्होल्टाने बॅटरी बनवल्यानंतर पाचच वर्षांत इटालियन रसायनशास्त्रज्ञ ब्रुन्यातेल्ली यांनी सोन्याचा मुलामा देऊन दाखवलं. 1838 मध्ये शास्त्रज्ञ याकोबी यांनी मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणातून तांब्याचे जाड, साच्यातून काढल्यासारखे थर मिळवले. पण धंदा वाढला तो इंग्लंडमधल्या एल्किंग्टन यांच्या 1840 च्या मुलाम्याच्या पेटंटमुळे, आणि त्यात सोन्याचांदीसाठी सायनाइड होतं. पुढे क्रोमियमच्या मुलाम्यासोबत षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं कर्करोगकारक रूप, आलं. ही दोन्ही रसायनं शाळेत कुठल्याही सबबीवर आणू नयेत.

मोरचूद मात्र विदर्भातल्या वरूड, मोर्शी, काटोलकडे घरोघरी ओळखीचं. संत्र्याच्या खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टसाठी (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) कृषी केंद्रातून येणारे निळे खडे तेच. चुना मिसळलेली तयार बोर्डो पावडर मात्र शाळेतल्या या प्रयोगाला चालत नाही.

20 ग्रॅम मोरचूद 200 मिली पाण्यात विरघळवून कापडातून गाळा. विहिरीच्या जड पाण्यात द्रावण गढूळ होतं. पावसाचं किंवा बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी (ॲसिड नव्हे) घ्या, त्यात व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका. वायरमधली सोललेली तांब्याची तार सेलच्या धन टोकाला, चिंचेने घासून धुतलेली पितळी किल्ली ऋण टोकाला जोडा आणि दोन्ही एकमेकांना न लागता द्रावणात बुडवा. एक 1.5 व्होल्टचा सेल पुरे. दहा मिनिटांत पिवळी किल्ली गुलाबी-तांबूस दिसू लागते.

बिघडतं ते बहुधा घाईने. 9 व्होल्टची बॅटरी लावली की थर काळपट, भुसभुशीत येतो आणि बोटाने पुसला जातो. लोखंडी खिळा नको: वीज नसतानाही लोखंड तांब्याला द्रावणाबाहेर काढतं, तो थर सैल बसतो आणि मुलाम्याचं श्रेय विजेला की लोखंडाला, हेच मुलांना कळत नाही. स्टीलचा चमचा चुकून धन टोकाला जोडला, तर त्यातलं क्रोमियम द्रावणात उतरू शकतं. म्हणून सेल जोडण्यापूर्वी तारा शिक्षकांनी स्वतः तपासाव्यात.

जितकी वीज वाहते त्या प्रमाणात धातू जमतो, हा फॅरेडेचा 1834 चा नियमही इथेच पडताळता येतो: 0.1 अँपिअर, 30 मिनिटं, म्हणजे सुमारे 0.06 ग्रॅम तांबं. त्यासाठी 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा हवा. किराण्याचा चालणार नाही.

मोरचूद पोटात गेलं तर विषारी, डोळ्यांना दाहक. चष्मा, हातमोजे लावा, डबा खाण्याआधी हात धुवा. द्रावण नाल्यात ओतू नका, मासे मरतात. किल्लीवर जमतं तितकंच तांबं तारेतून परत विरघळत असल्याने द्रावणातलं तांबं संपत नाही. चिठ्ठी लावून, कुलपात, पुढच्या वर्गासाठी ठेवा.