साल काढलेले सिडार वृक्ष (उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा)

साल काढलेले सिडार वृक्ष : उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील समशीतोष्ण वर्षावनात, मूलनिवासींनी साल, फळ्या किंवा खोड काढून नेल्याच्या खुणा अंगावर बाळगणारी झाडे. कॅनडातील पुरातत्त्वज्ञ व वनखाते त्यांना ‘कल्चरली मॉडिफाइड ट्री’ (माणसाच्या वापराच्या खुणा असलेले झाड) किंवा नुसते ‘सीएमटी’ म्हणतात. आग्नेय अलास्कापासून ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याने वॉशिंग्टन राज्यापर्यंत ती आढळतात. त्यांतली बहुतेक तांबड्या सिडारची (थुजा प्लिकाटा), काही पिवळ्या सिडारची. हे दोन्ही वृक्ष क्युप्रेसेसी कुळातले आहेत. हिमालयातल्या देवदाराशी त्यांचे जवळचे नाते नाही.

पॅसिफिकवरून येणारे ढग इथल्या किनारी डोंगरांना अडतात. पुष्कळ ठिकाणी वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तोही मुख्यतः शरद ऋतूत व हिवाळ्यात. एवढ्या ओलीत लाकूड लवकर कुजायला हवे. पण तांबड्या सिडारच्या गाभ्यात थुजाप्लिसिन नावाची बुरशीरोधक द्रव्ये असतात, म्हणून पडलेले खोडही दीर्घकाळ टिकते. लाकूड हलके व सरळ धाग्याचे असल्याने करवतीवाचून, पाचरी ठोकूनच त्याच्या फळ्या निघतात. तळ्यांच्या गाळातील परागकणांवरून दिसते, की किनाऱ्यावर हा वृक्ष मुबलक झाला तो गेल्या सुमारे ५,००० वर्षांत. मोठ्या लाकूडकामाची परंपराही त्यानंतरच बहरली.

साल काढायची ती वसंताच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात रस चढलेला असताना. बुंध्याशी आडवा छेद देऊन सालीची कड सोडवतात, ती दोन्ही हातांनी धरून झाडापासून मागे मागे सरकत ओढतात. पट्टी वर जाताना निमुळती होत जाते आणि उंचावर आपोआप तुटते; खोडावर लांबट, टोकदार उघडा भाग राहतो. बाहेरची खरबरीत साल जंगलातच सोलून टाकतात, आतली मऊ साल घड्या घालून घरी नेऊन वाळवतात. पुढे ती भिजवून, कुटून, चिरून तिचे दोर, चटया, टोपल्या, पावसाळी टोप्या आणि अंगावरची वस्त्रे होत. हे काम मुख्यतः बायकांचे. एका झाडाची एखाद-दुसरी पट्टीच घ्यायची, सगळीकडून सोलायचे नाही, हा दंडक. कारण साल भोवताली पूर्ण निघाली तर झाड मरते.

या किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व या मूलनिवासी समाजात साल घेण्याआधी झाडाला ‘मित्रा’ म्हणून हाक मारून त्याचे वस्त्र मागण्याची प्रार्थना होती. जॉर्ज हंट यांनी ती टिपून ठेवली व मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. पवित्र म्हणून हात लावायचा नाही, हा इथला मार्ग नव्हेच. हात लावायचा, पण मागून आणि बेताने. किनाऱ्याचे मूळ वन ‘अस्पर्श’ होते ही वसाहतकाळातली समजूत म्हणूनच फसवी आहे.

फळ्या उभ्या झाडातूनही काढत. वर-खाली खाचा पाडून मधला भाग पाचरींनी सुटा करत, आणि झाड वाढत राही. घरांच्या भिंती व छपरे अशा फळ्यांची असत. एकाच फळीला तीन ठिकाणी खाचा पाडून, वाफेवर वाकवून आणि चौथा कोपरा खुंट्यांनी वा दोऱ्याने जोडून पेटी करण्याची कला तर खास इथलीच. होडीसाठी अर्थातच पूर्ण झाड लागे. खोड पाडण्याआधी त्यात चौकोनी भोक पाडून गाभा निरोगी आहे का ते पाहत. पोकळ निघाले तर झाड तसेच सोडून देत. भोक पडलेली अशी नाकारलेली झाडे आजही उभी आहेत. कोरलेल्या होडीत पाणी भरून तापलेले दगड टाकायचे, लाकूड मऊ झाले की कडा फाकवून आडव्या पट्ट्या बसवायच्या. हैडा या मूलनिवासी समाजाचे शिल्पकार बिल रीड यांच्या नेतृत्वाखाली एक्स्पो ८६ या व्हँकूवरमधील जागतिक प्रदर्शनासाठी घडवलेली सुमारे १५ मी. लांबीची ‘लूटास’ ही होडी एकाच सिडारच्या खोडाची आहे.

पट्टी निघाल्यावर कडांनी झाड नवे लाकूड भरत राहते. कडेची वार्षिक वलये मोजली की साल कोणत्या वर्षी काढली ते कळते. लेखी दप्तर नसलेल्या समाजांसाठी ही खूण जणू जंगलात उभा असलेला सातबारा ठरली. व्हँकूवर बेटालगतच्या मिअर्स बेटावर वृक्षतोड होणार म्हणून त्ला-ओ-क्वी-आट व अहाउसाट या नू-चाह-नुल्थ समाजांनी १९८४ मध्ये ते बेट ‘ट्रायबल पार्क’ जाहीर केले. पुढच्या वर्षी ब्रिटिश कोलंबियाच्या अपील न्यायालयाने तोड थांबवली. बेटावर पूर्वापार वापर होता हे दाखवण्यासाठी तिथल्या खुणांच्या झाडांची पाहणी व कालमापन झाले. त्याच १९८५ साली हैडा ग्वाय या हैडांच्या द्वीपसमूहातल्या लायल बेटावर वृक्षतोडीविरुद्ध रस्ता अडवणाऱ्या ७२ जणांना अटक झाली. त्या संघर्षातून पुढे ग्वाय हानास हे संरक्षित क्षेत्र उभे राहिले. वृक्षतोडीच्या परवान्यावरूनच उद्भवलेल्या हैडा खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये निर्णय दिला, की मूलनिवासींचा हक्क अजून सिद्ध व्हायचा असला तरी सरकारला त्यांच्याशी सल्लामसलत टाळता येणार नाही.

ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक वारसा कायद्याचे आपोआप संरक्षण मिळते ते १८४६ पूर्वीच्या खुणांना. ब्रिटन व अमेरिका यांच्यातील सीमा ठरवणाऱ्या ओरेगन कराराचे हे वर्ष. १८५० ची खूण त्याच हातांची, त्याच पद्धतीची असली तरी ती या रेषेबाहेर जाते. परंपरा चालू असलेल्या समाजाला तारखेची अशी भिंत घालणे विचित्रच म्हणायचे. हैडा ग्वायमध्ये २०१० च्या भूवापर आदेशाने ही झाडे आणि होड्या व कोरीव स्तंभ घडवण्याजोगे भव्य सिडार यांना स्वतंत्र तरतुदी दिल्या आहेत.

साल तरुण झाडाचीही चालते, पण होडीला शतकानुशतके वाढलेले खोड हवे. काही दशकांत तोडायच्या लागवडीत ते मिळत नाही. हैडा ग्वायमध्ये आणखी एक अडचण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे बाहेरून काळ्या शेपटीची सिटका हरणे आणून सोडली. त्यांना खाणारे लांडगे वा कूगर (प्यूमा) बेटांवर नाहीत, आणि सिडारची रोपे हरणांना फार आवडतात. त्यामुळे जुने सिडार उभे असूनही त्यांच्याखाली नवी रोपे तग धरत नाहीत, आणि लागवड करणाऱ्यांना रोपांभोवती संरक्षक आवरणे बसवावी लागतात.