कॅरिओटाइप नॉर्मल आला, तरी वायची तपासणी का?

वीर्य तपासणीत शुक्राणू शून्य आले की पुण्यातले डॉक्टर सहसा रक्ताच्या दोन तपासण्या लिहून देतात: कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि ठेवण पाहणारी) आणि वाय मायक्रोडिलीशन (पुरुषाच्या वाय गुणसूत्रातला गहाळ बारीक तुकडा शोधणारी). (बायकोच्या सगळ्या सोनोग्राफ्या आटोपल्यावर नवऱ्याचा नंबर लागतो, हे इथंही सुटलेलं नाही.) पहिला रिपोर्ट नॉर्मल आला की ‘दोन्ही गुणसूत्रांचंच ना?’ म्हणत दुसरी तपासणी राहून जाते.

पण दोन्ही वेगळं काही शोधतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या पुस्तकांच्या संचात एक खंड जास्त आला तर मोजताच कळतं. आतलं एखादं पान गळलेलं असेल तर पानं उलटावी लागतात. क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणजे जास्तीचा खंड: ४६ऐवजी ४७ गुणसूत्रं, एक्सएक्सवाय. कॅरिओटाइपमध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. वायच्या लांब बाहूवरच्या, शुक्राणूनिर्मितीशी निगडित एझेडएफ भागातला तुकडा गहाळ असेल, तर तो इतका लहान असतो की पीसीआर या डीएनए तपासणीशिवाय सापडत नाही.

क्लाइनफेल्टरचं वर्णन १९४२मध्ये झालं, जास्तीचा एक्स मात्र १९५९मध्ये सापडला. अनेकांना लग्नानंतर मूल होत नाही म्हणूनच त्याचा पत्ता लागतो. वृषणं लहान आणि घट्ट, एफएसएच (वृषणांना चालना देणारं संप्रेरक) वाढलेलं, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बहुधा कमी. म्हणून मुलाचा प्रश्न सुटला तरी हाडं आणि साखर यांवर पुढेही लक्ष ठेवावं लागतं. इथे एक चूक महागात पडते: अशक्तपणा वाटतो म्हणून आधीच टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केली, तर उरलीसुरली शुक्राणूनिर्मितीही दबते. मूल हवं असेल तर आधी मायक्रो-टेसे, म्हणजे वृषणातून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया. जवळपास निम्म्या जणांत ते सापडतात. होणाऱ्या मुलांची गुणसूत्रं बहुतेक वेळा नेहमीसारखीच असतात.

वाय मायक्रोडिलीशनमध्ये टेस्टोस्टेरॉन सहसा ठीक असतं आणि शरीराची दुसरी तक्रार नसते. तिथे एझेडएफच्या ए, बी, सी या भागांपैकी तुकडा कुठला, यावर सगळं ठरतं. एझेडएफ-ए किंवा बी पूर्ण गेलेला असेल तर शुक्राणू सापडण्याची आशा जवळपास नसते. शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्रास दोन्ही वाचवावेत. सी गेलेला असेल तर अनेकांत ते सापडतात, काहींच्या वीर्यातही थोडे दिसतात. मात्र मुलगा झाला तर वडिलांचं तेच वाय त्याच्याकडे जातं, गळलेल्या भागासकट. मुलीला वाय मिळतच नाही.