हिच बसवताना चॅसिसची होलं जुळली नाहीत तर

आमच्याकडून ट्रेलर हिचचं (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या सांगाड्याचं) किट नेणारे बरेच जण ते घरीच बसवतात, नाहीतर ओळखीच्या मेकॅनिककडून बसवून घेतात. मग भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये फोन येतो, तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी : "तीन बोल्ट बसले, चौथ्याचं होल जुळत नाही. चॅसिसचं होल जरा मोठं करून घेऊ का?" नका करू. आधी हे वाचा.

किटमधले बोल्ट एम-१२, म्हणजे बारा मिलिमीटर जाडीचे आहेत आणि ब्रॅकेटची होलं साडेतेरा मिलिमीटरची. चॅसिसचं होलही तेवढंच असेल, तर दोन्ही होलं एकमेकांपासून दीड मिलिमीटर सरकली तरी बोल्ट आरपार जातो. पण चॅसिसला आतून वेल्ड केलेला नट असेल, तर मोकळीक फक्त ब्रॅकेटच्या होलात उरते : कुठल्याही बाजूला जेमतेम पाऊण मिलिमीटर. होलात साचलेला पावडर कोटिंगचा थर किंवा नटात वाळलेला चिखल एवढ्यानेही बोल्ट अडतो. म्हणून सुरुवात साफसफाईने करा. नटाचे आटे तारेच्या ब्रशने मोकळे करा, गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा, आणि बोल्ट ब्रॅकेटशिवाय नुसत्या हाताने फिरवून बघा. इथेच अडत असेल तर पान्याने जोर लावू नका. एम-१२ मध्ये १.७५ आणि १.२५ मिलिमीटर असे दोन्ही पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मिळतात. चुकीचा बोल्ट दोन आटे आत जातो आणि मग नटच खराब करतो.

बोल्ट हाताने सहज फिरला, तर बहुतेक वेळा दोष होलात नसतो, बसवण्याच्या क्रमात असतो. पहिले तीन बोल्ट आवळून टाकले की हिच जागेवर जखडते आणि चौथ्याला हलायला वाव राहत नाही. सगळे बोल्ट सैल करा. जे होल सर्वांत जास्त सरकलेलं दिसतं, त्याचाच बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे लावा, मग बाकीचे. हिचचं वजन जॅकवर पेला आणि जॅक अर्धा-अर्धा इंच वर-खाली करत होलात बॅटरी मारून बघा. आधी आत अर्धचंद्रासारखी फट दिसते, ती हळूहळू गोल होत जाते. नटाच्या आट्यांना न लागेल अशा आरपार होलात निमुळता पंच घालून हलकेच तोललं की उरलेलं अंतर सहसा मिटतं. गाडी मात्र स्टँडवर उभी हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

एवढं करूनही एक-दोन मिलिमीटर कमी पडत असेल, तर गोल कानस घ्या आणि ब्रॅकेटचं होल घासा, चॅसिसचं नाही. ब्रॅकेट बदलून मिळतो, चॅसिस मिळत नाही. ज्या बाजूला कमी पडतंय तेवढ्याच बाजूला घासा. ती बाजू प्लेटच्या कडेची असेल तर थांबा, आम्हाला विचारा. उघड्या पडलेल्या लोखंडाला झिंक प्रायमर लावा आणि पातळ वायसरऐवजी लांबट होल पूर्ण झाकणारा जाड वायसर घाला. ट्रेलरची ओढ बोल्टच्या दांड्यावर नाही, तर दोन प्लेटा घट्ट दाबल्याने तयार होणाऱ्या घर्षणावर पेलली जाते. वायसर होलात दबला की तो दाब जातो.

गॅस कटरने होल वाढवणं हे सर्वांत घातक. सासवडकडच्या एका शेतकऱ्यांची पिकअप आमच्याकडे आली होती. दिवे घाट उतरताना मागून खटखट ऐकू येते म्हणाले. वायसर काढला तर चॅसिसचं होल अंड्यासारखं लांबट, कडेला वितळलेल्या लोखंडाचे गोळे, भोवती निळसर जांभळा पट्टा. जाड वायसर बशीसारखा आत गेलेला. तापलेला पत्रा पहिल्यासारखा मजबूत राहत नाही, आणि मागे फवारणीचा भरलेला टँकर जोडलेला. त्या माणसाला यातलं काही कुणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून हा कागद छापला.

तीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल तर कानसही उचलू नका. एक माप घ्या : डावीकडच्या पुढच्या होलापासून उजवीकडच्या मागच्या होलापर्यंत, आणि मग उलट कर्ण. दोन्हींत ठळक फरक आला तर चॅसिस कधीतरी मागून ठोकली गेलेली असू शकते. कर्ण सारखे असतील, तर बहुधा ब्रॅकेट चुकीच्या मॉडेलचा गेला आहे. तो आम्ही बदलून देतो, पण घासलेला नसेल तरच.

बोल्टच्या डोक्यावर १०.९ कोरलेलं आहे, ती त्याच्या मजबुतीची श्रेणी. एखादा हरवला तर दुकानातला साधा बोल्ट घालू नका. शेवटी टॉर्क रेंचने, किटच्या कागदावरच्या आकड्याइतकंच आवळा. मग प्रत्येक बोल्टवरून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. ट्रेलर जोडून शंभरेक किलोमीटर झाले की गाडीखाली वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे बोल्ट फिरलेला असला, तर ट्रेलर तिथेच सोडा आणि गाडी रिकामी घेऊन या.