अंगणातलं झाड आणि कौन्सिलचा आदेश: ब्रिटिश कायद्याची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या उपनगरात परसबागेतला ओक घरमालकाचाच असतो, पण तो तोडायचा हक्क त्याच्याकडे असेलच असं नाही. स्थानिक कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेने, वृक्षसंरक्षण आदेश काढलेला असेल, तर फांदी छाटायलाही लेखी परवानगी लागते.

एकोणिसाव्या शतकात कायद्याचा कल नेमका उलटा होता. ज्याची जमीन त्याचं झाड, आणि शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेली फांदी म्हणजे उपद्रव. लेमन विरुद्ध वेब या खटल्यात तर तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने अशी फांदी पूर्वसूचना न देताही कापायची मुभा शेजाऱ्याला दिली. सगळं भांडण दोन कुंपणांमधलं. रस्त्याने जाणाऱ्या तिसऱ्याचा त्यात काही संबंध असू शकतो, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

हा तिसरा माणूस नगररचनेच्या कायद्यातून आत आला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शहरांभोवतीच्या शेतांवर घरांच्या रांगा उठल्या. १९३२ च्या नगररचना कायद्यात झाडांचा विचार झाला होता, पण खरा जोर आला तो १९४७ च्या कायद्याने. जमिनीचा विकास परवानगीशिवाय करायचा नाही, हे त्याने ठरवलं आणि त्याच ओघात कौन्सिलांना झाडं राखण्याचे आदेश काढता येऊ लागले. वृक्षतोडीचे परवाने वेगळे होते, पण त्या व्यवस्थेची नजर लाकडाच्या साठ्यावर. घरगुती बागा आजही तिच्याबाहेर आहेत.

आदेशाची कसोटी एकच, परिसराची शोभा. झाड दुर्मीळ असायची गरज नाही. सार्वजनिक जागेवरून ते दिसतं का आणि गेलं तर परिसर उणा होईल का, एवढं बघायचं. या कायद्याची ताकद इथेच आहे आणि माझ्या मते दुबळेपणाही इथेच. उंच घरांच्या आड वाढलेल्या जुन्या झाडासाठी आदेश मिळवणं अवघड जातं, मग त्यावर कितीही पाखरं नांदोत.

आदेश निघायच्या आधीच कुऱ्हाड चालवली तर? ही फट अंशतः बुजली ती १९७४ मध्ये. १९६७ पासून जुन्या वस्त्यांना ‘संवर्धन क्षेत्र’ म्हणून घोषित करता येत होतं. आता तिथलं झाड तोडण्याआधी सहा आठवड्यांची नोटीस देणं आलं. आजच्या नियमाप्रमाणे दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड बुंधा असला की ही अट लागू होते. त्या मुदतीत कौन्सिलने आदेश काढला नाही, तर मालक मोकळा.

१९७६ च्या दुष्काळाने वेगळंच प्रकरण उभं केलं. चिकणमाती सुकून आकसली, पाया खचून घरांना तडे गेले आणि बोट मातीतलं पाणी शोषणाऱ्या झाडांच्या मुळांकडे वळलं. तेव्हापासून विमा कंपन्या झाड काढा म्हणतात आणि कौन्सिल अडून बसते. परवानगी नाकारली तर भरपाईचा दावा कौन्सिलवरच येऊ शकतो, त्यामुळे अधिकारी जपून पावलं टाकतात.

या सगळ्या संरक्षणाबाहेर राहिली ती रस्त्याकडेची झाडं, कारण त्यांची मालक आणि आदेश काढणारी बहुधा एकच कौन्सिल. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात २०१२ च्या रस्तेदुरुस्ती कंत्राटाखाली पाच हजारांहून अधिक झाडं पडली. नोव्हेंबर २०१६ मध्ये रस्टलिंग्ज रोडवर पहाटेच्या अंधारात पोलीस बंदोबस्तात तोड झाली, विरोध करणाऱ्या रहिवाशांना अटक झाली. २०२१ च्या पर्यावरण कायद्याने इंग्लंडमध्ये रस्त्याकडेचं झाड तोडण्याआधी लोकांशी सल्लामसलत बंधनकारक केली आणि २०२३ मध्ये ती तरतूद लागू झाली. काही प्रकारची झाडं तिच्यातून वगळलेली आहेत, आणि नकार देण्याचा अधिकार रहिवाशांना तिनेही दिलेला नाही.