पेट्रोलच्या टाकीतला गंज आणि तळाचे पाणी

वर्ष-दोन वर्षे उभ्या असलेल्या जुन्या मोटारसायकलच्या टाकीचे झाकण उघडून आत टॉर्च मारला, तर बहुतेक वेळा तपकिरी खवले दिसतात आणि टाकी हलवल्यावर तळाशी बारीक खरखर ऐकू येते. टाकी पेट्रोलची आहे, पेट्रोल लोखंडाला इजा करत नाही आणि त्यातून वीजही वाहत नाही, हे लक्षात घेतले तर हा गंज कोडे वाटावे असाच आहे. त्याचे उत्तर टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात सापडते. पेट्रोलची घनता पाण्याच्या साधारण तीन चतुर्थांश असते, त्यामुळे टाकीत शिरलेला पाण्याचा प्रत्येक थेंब पेट्रोलमधून खाली उतरतो आणि पत्र्याच्या सर्वांत खोल भागात, म्हणजे नेमका पेट्रोल कॉकच्या (टाकीतून पेट्रोल खाली सोडणाऱ्या तोटीच्या) आसपास, ठाण मांडून बसतो.

वर पेट्रोलचा जाड थर असल्यामुळे या पाण्याला ऑक्सिजन मिळणार नाही, असे वाटणे साहजिक आहे, पण पेट्रोलमध्ये ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात विरघळतो. टाकीतल्या हवेतला ऑक्सिजन पेट्रोलमधून झिरपत थेंबाच्या कडेपर्यंत पोहोचतो, मात्र थेंबाच्या मध्यभागी, पत्र्याला टेकलेल्या भागात, तो फारसा जात नाही. केंब्रिजचे धातुशास्त्रज्ञ यु. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोलादावर खारट पाण्याचा एक थेंब ठेवून नेमकी हीच विषमता दाखवून दिली होती. थेंबाच्या मध्याशी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी यांच्याशी संयोग पावून हायड्रॉक्साइड तयार करतात. विरघळलेले लोखंड आणि हायड्रॉक्साइड जेथे एकमेकांना भेटतात, तेथे गंजाचे कडे उमटते. म्हणजे गंज दिसतो एका जागी आणि धातू खचतो दुसऱ्या जागी, आणि वरून बेताचा गंजलेला दिसणारा पत्रा मध्येच सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून पाझरू लागतो, याचे कारण हेच आहे.

ॲल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो, शिवाय तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे त्याचे पापुद्रे सुटतात, खाली नवा धातू उघडा पडतो आणि सुटलेल्या गंजात पाणी धरून राहते. हे पापुद्रे कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापर्यंत, पोहोचले की खरी अडचण सुरू होते. त्यात पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोट्यांपैकी मेन जेटचे छिद्र एक मिलिमीटरच्या आसपास आणि पायलट जेटचे त्याच्या निम्म्याहूनही लहान असते. कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली गंजाचा एखादा कण अडकला, तर कार्बोरेटर सतत ओव्हरफ्लो होतो. अशी गाडी गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ करण्यासाठी वारंवार जाते आणि टाकीकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

आता हे पाणी येते कोठून, हे पाहिले पाहिजे. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री हवेतली वाफ थंड होऊन पाणी होते, हे उत्तर सर्वत्र ऐकायला मिळते. ते खोटे नाही, पण हिशेब करून पाहण्यासारखे आहे. तीस अंश सेल्सिअसच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे दर लिटरला ३० मिलिग्रॅम पाण्याची वाफ असते. दिवसा तापून आणि रात्री निवून टाकी झाकणाच्या छिद्रातून श्वास घेते. दररोज एक लिटर अशी हवा आत येते आणि तिच्यातली सगळी वाफ पाणी होऊन खाली बसते, असे अगदी उदारपणे धरले, तरी पावसाळ्याच्या चार महिन्यांत साडेतीन ग्रॅमच्या आसपास पाणी जमते. त्याने चहाचा एक चमचाही भरत नाही. उलट, झाकणाचे रबरी वॉशर कडक होऊन चिरलेले असेल आणि झाकणाभोवतीच्या खोलगट भागात पावसाचे पाणी साचत असेल, तर एवढे पाणी एकाच मुसळधार सरीत आत जाऊ शकते. गाडी प्रेशरच्या पाण्याने धुतानाही तेच घडते. म्हणून माझ्या मते टाकीच्या गंजाची तपासणी टाकीपासून सुरू न करता झाकणापासून करावी.

अर्थात साडेतीन ग्रॅम पाणीही निरुपद्रवी नसते. गंज तयार होताना दर ३६ ग्रॅम पाण्यामागे सुमारे २२४ ग्रॅम लोखंड खर्ची पडते. या प्रमाणात साडेतीन ग्रॅम पाणी एकवीस-बावीस ग्रॅम लोखंडाचा गंज करू शकते. पत्रा ०.८ मिलिमीटर जाडीचा धरला, तर एवढे लोखंड म्हणजे जवळपास सहा सेंटिमीटर बाजूचा चौकोन होतो. सुदैवाने ही क्रिया एकाच जागी होत नाही आणि तिला वेळही लागतो.

भारतात २०२२ पासून पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचे मिश्रण पंपांवर येऊ लागले, तेव्हापासून या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला. निव्वळ पेट्रोलच्या दहा लिटरमध्ये जेमतेम एक-दोन मिलिलिटर पाणी विरघळते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या तेवढ्याच पेट्रोलमध्ये सुमारे ५० मिलिलिटर पाणी सामावते. रोज चालणाऱ्या गाडीच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे, कारण थोडेफार पाणी पेट्रोलबरोबर जळून जाते. ही मर्यादा ओलांडली किंवा थंडीत ती खाली आली, तर मात्र इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी वीज वाहून नेणारा जाड थर तयार होतो. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हा धोका अधिक असतो. जुन्या येझदी किंवा राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागत असल्यामुळे टाकीच्या आतून तेलाचा पातळ थर राहत असे. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीला तेवढेही संरक्षण नसते.

गंज काढण्याआधी एक धोका स्पष्ट सांगायला हवा, कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने स्फोट होतो. दहा लिटरच्या रिकाम्या टाकीत एवढी वाफ होण्यासाठी एक मिलिलिटरहूनही कमी पेट्रोल पुरते, आणि तेवढे पेट्रोल गंजाच्या पापुद्र्यांत सहज लपून राहते. म्हणून कॉक आणि पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता काटा काढल्यावर टाकी साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा खळखळून धुवावी, तेही उघड्यावर, आणि छिद्र बुजवण्यासाठी अशी टाकी थेट वेल्डिंगला तर कधीच नेऊ नये.

सुटे खवले काढण्यासाठी नटबोल्ट किंवा सायकलची जुनी चेन टाकीत घालून ती हलवण्याची पद्धत चांगली आहे. नट आत घालण्यापूर्वी मोजून ठेवावेत, कारण कोपऱ्यात अडकलेला एखादा नट नंतर महिनाभर वाजत राहतो. घट्ट बसलेला गंज मात्र रसायनानेच निघतो. अनेक जण फरशी धुण्याचे ॲसिड वापरतात. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि गंज झपाट्याने खाते, पण गंज संपला की थांबत नाही, पत्राही खाऊ लागते. शिवाय त्यातील क्लोराइड सांध्यांच्या फटीत राहिले, तर तेच पुढच्या गंजाला खतपाणी घालते. त्यापेक्षा सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, मला अधिक भरवशाचे वाटते. त्याचा रेणू लोखंडाचा आयन खेकड्याच्या नांगीप्रमाणे एकाहून अधिक बाजूंनी पकडतो आणि पाण्यात विरघळलेला ठेवतो. दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो पूड विरघळवून टाकी काठोकाठ भरावी, कारण द्रावणाच्या वर राहिलेला छताचा गंज तसाच राहतो. एखादा दिवस ठेवून मधून मधून आत पाहावे. द्रावण पिवळट-हिरवट होते आणि करडा धातू दिसू लागतो. रंगावर ओघळ आल्यास लगेच पुसावा. टाकीला आतून जस्ताचा मुलामा असेल, तर कोणतेही आम्ल तो आधी खाईल, हेही ध्यानात ठेवावे.

फॉस्फोरिक आम्लाचा गुण वेगळा आहे. ते गंजाचा काही भाग विरघळवते आणि उरलेल्यावर लोह फॉस्फेटचा करडा, घट्ट थर चढवते. दिल्लीच्या कुतुबमिनार परिसरातला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, त्यामागेही फॉस्फेटच आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवल्याप्रमाणे त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा पुष्कळ जास्त असल्यामुळे त्यावर लोह हायड्रोजन फॉस्फेटचा राखणारा थर तयार झाला. टाकीतला थर अर्थातच इतका टिकाऊ नसतो, पण काही दिवस निभावून नेतो.

धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बॅटरी चार्जर लावून विजेनेही गंज काढता येतो. यात टाकी ऋण टोकाला आणि तिला न टेकलेली लोखंडी सळई धन टोकाला जोडतात. मूळ धातूला यात इजा होत नाही. मात्र हायड्रोजन निघत असल्यामुळे ठिणगी टाळावी, सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे उतरू शकतात, आणि सोड्याऐवजी मीठ वापरू नये, कारण त्यातून क्लोरिन वायू सुटतो.

खरी कसोटी द्रावण ओतून दिल्यावर लागते. आम्लाने स्वच्छ झालेला पत्रा इतका उघडा असतो की साध्या पाण्याने धुतल्यावर काही मिनिटांतच त्यावर नारिंगी झाक चढते आणि सगळी मेहनत वाया गेल्यासारखे वाटते. ती झाक टाळण्यासाठी शेवटचे धुणे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने करावे, कारण अल्कधर्मी पाण्यात लोखंड सहसा गंजत नाही. त्यानंतर लगेच थोडे स्पिरिट आत फिरवून ओतून द्यावे. ते उरलेले पाणी स्वतःत मिसळून घेऊन बाहेर नेते. स्पिरिटची वाफही पेट घेते, त्यामुळे ते उडून जाईपर्यंत टाकी उघड्यावर, सर्व झाकणे काढून ठेवावी आणि गरम हवेचा ड्रायर जवळ आणू नये. कोरड्या टाकीत त्याच बैठकीत टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेले थोडे पेट्रोल घालून ते सर्व बाजूंना फिरवावे. हे साहित्य आधीच हाताशी मांडलेले नसेल, तर आम्ल ओतायची घाई करू नये.

टाकीला आतून इपॉक्सीचे अस्तर लावण्याची हल्ली फॅशनच झाली आहे. छिद्रे पडलेल्या टाकीला त्याचा उपयोग होतो, पण धड पत्र्याला ते लावू नये असे माझे मत आहे. तेलकट किंवा किंचित ओलसर पृष्ठभागावर ते धरत नाही, जुन्या प्रकारची काही अस्तरे इथेनॉलमध्ये मऊ पडतात, आणि सुटलेले अस्तर गंजापेक्षाही वाईट, कारण त्याचे चिवट तुकडे कॉकच्या तोंडाशी जाऊन बसतात व कोणत्याही घरगुती द्रावणात विरघळत नाहीत. धड टाकीला नवे रबरी वॉशर, कॉकमधली जाळी आणि नळीत बसवलेला साधा पारदर्शक फिल्टर पुरतो. सुरुवातीच्या काही भरण्यांत त्या फिल्टरमध्ये तपकिरी भुकटी जमेल. ती हळूहळू कमी होत गेली तर ठीक, आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा वाढली तर झाकण काढून वॉशर तपासावे.