मूळ प्रदर्शित आवृत्तीचे रसिककृत जतन

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर त्याच्या कर्त्यांनी त्यात फेरफार केले आणि आधीची आवृत्ती बाजारातून काढून घेतली, तर ती चित्रपटगृहात जशी दिसली व ऐकू आली तशी पुन्हा उभी करण्याचा हौशी रसिकांचा उद्योग. अभिलेखागारे व चित्रपटसंस्था यांच्या व्यावसायिक पुनःस्थापनेपासून तो वेगळा मानतात. त्यामागे मालकी हक्क नसतो, मूळ निगेटिव्ह (जिच्यावरून प्रती काढतात ती फिल्म) हाताशी नसते आणि मोबदलाही मिळत नाही. रसिकांनी आपल्या आवडीप्रमाणे चित्रपटाची नवी जुळणी करणे हाही निराळा प्रकार असून तो या नोंदीच्या कक्षेत येत नाही. या उद्योगाचे सर्वांत विस्तृत उदाहरण म्हणजे जॉर्ज लूकस यांची ‘स्टार वॉर्स’ चित्रपटत्रयी (१९७७, १९८०, १९८३). पुढील विवेचन मुख्यतः तिच्या आधारे केले आहे.

‘मूळ’ कोणते? : प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही. ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या ध्वनीची एकापेक्षा जास्त मिश्रणे होती : ७० मिमी प्रिंटसाठी (प्रिंट म्हणजे चित्रपटगृहात चालवायची फिल्मची प्रत) सहा पट्ट्यांचे, ३५ मिमीसाठी डॉल्बी स्टीरिओ आणि साध्या चित्रपटगृहांसाठी एकाच पट्टीचे मोनो. मोनो मिश्रण सर्वांत शेवटी पूर्ण झाले असे सामान्यतः मानले जाते. नायक ल्यूकच्या काकूचा आवाज त्यात निराळा आहे, आणि अवकाशयानाला ओढून धरणारा किरण कुठे कुठे जोडलेला आहे हे सांगणारे सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाचे वाक्य त्यात ऐकू येते, स्टीरिओत येत नाही. आरंभीच्या सरकत्या मजकुरावर ‘भाग चौथा’ ही ओळ १९८१ च्या पुनःप्रदर्शनात आली, १९७७ च्या प्रेक्षकाने ती पाहिलेली नाही. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आधी ७० मिमीत लागला आणि नंतर निघालेल्या ३५ मिमी प्रिंटमध्ये शेवटाकडील काही दृश्ये वाढवलेली होती. म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात एका चित्रपटाची दोन रूपे पडद्यावर होती. जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेतील पाठभेद, प्रक्षेप (मागाहून घातलेला भाग) हे शब्द येथे नेमके बसतात. एकच ‘खरी’ प्रत शोधण्यापेक्षा प्रत्येक रूप त्याच्या तारखेसह नोंदवून ठेवावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. काळजीपूर्वक काम करणारे रसिकही आता तसेच करतात.

पार्श्वभूमी : १९८० च्या दशकात कृष्णधवल चित्रपट संगणकाने रंगवून दाखवण्यावरून अमेरिकेत वाद पेटला. मार्च १९८८ मध्ये स्वतः लूकस यांनी अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देऊन, नफ्यासाठी वा सत्तेच्या जोरावर कलाकृती बदलणाऱ्यांचा कठोर शब्दांत निषेध केला. चित्रपट हा देशाचा सांस्कृतिक ठेवा आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट जतन कायदा झाला. निवडलेल्या चित्रपटात मोठा बदल केल्यास तशी सूचना प्रतीवर छापण्याचे बंधनही आरंभी त्यात होते. १९८९ च्या पहिल्याच यादीत ‘स्टार वॉर्स’ निवडला गेला. नंतर काँग्रेसच्या ग्रंथालयाला १९९७ ची सुधारित प्रत देऊ करण्यात आली, ती ग्रंथालयाने स्वीकारली नाही. कॉपीराइट नोंदणीच्या निमित्ताने जमा झालेली मूळ आवृत्तीची प्रिंट मात्र ग्रंथालयाकडे आहे.

३१ जानेवारी १९९७ रोजी पहिल्या भागाची ‘स्पेशल एडिशन’ आली, फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेले दोन भाग आले. गर्दीची नवी दृश्ये, नव्याने जोडलेली यानांची चित्रे, जब्बा या गुंडाचा आधी वगळलेला प्रसंग आणि खानावळीत तस्कर हान सोलोच्या आधी त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोने झाडलेली गोळी (मूळ चित्रपटात हानच आधी झाडतो) हे त्यातले ठळक बदल. हा शेवटचा बदल सर्वाधिक गाजला. हानची धूर्त, थंड रेखा त्यामुळे बोथट झाली, हा आक्षेप रास्त आहे. तिसऱ्या भागाच्या अखेरीचे एवॉक या अस्वलासारख्या जमातीचे गाणे काढून तेथे नवे संगीत आले. २००४ च्या डीव्हीडीत खलनायक डार्थ व्हेडरच्या आत्म्याच्या रूपात अभिनेते सेबॅस्टियन शॉ यांच्या जागी हेडन क्रिस्टेन्सन दिसू लागले. २०११ मध्ये डार्थ व्हेडरच्या तोंडी नवा आक्रोश घातला गेला. २०१९ मध्ये ग्रीडोला आणखी एक शब्द मिळाला. फेरफार एकदाच होऊन थांबले नाहीत, हे जतनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्रत्येक नव्या प्रतीने आधीची प्रत मागे सारली.

निगेटिव्हचा वाद : १९९७ च्या कामाआधी तपासणी झाली तेव्हा पहिल्या भागाचे निगेटिव्ह मळलेले व फिकटलेले आढळले. विशेषतः चमत्कृतिदृश्यांसाठी वापरलेल्या ‘रिव्हर्सल इंटरमीडिएट’ (निगेटिव्हवरून थेट दुसरे निगेटिव्ह काढण्याच्या) फिल्मचे रंग वीस वर्षांतच ढासळले होते. निगेटिव्ह स्वच्छ करून, खराब तुकडे नव्याने बनवून, त्याच निगेटिव्हमध्ये नवी दृश्ये जोडण्यात आली. रंग जुळवताना संदर्भाला, रंग टिकवणाऱ्या टेक्निकलर छपाईची एक प्रिंट होती. मूळ निगेटिव्ह कायमचे बदलले असून जुन्या प्रिंटही वाईट अवस्थेत आहेत, अशी भूमिका २००६ मध्ये मालक कंपनीने घेतली. यावरून ‘मूळ चित्रपट नष्ट झाला’ असा समज पसरला. अभ्यासकांच्या एका गटाला तो अतिरंजित वाटतो. काढलेले तुकडे फेकून दिले असे मानण्यास आधार नाही, आणि मोठ्या चित्रपटाच्या सुरक्षेसाठी केलेल्या मध्यवर्ती प्रतीही असतात, असे ते सांगतात. हे दुसरे मत अधिक संभाव्य दिसते. अडचण साहित्याची कमी आणि इच्छेची जास्त असावी. सुधारित आवृत्ती हीच आपल्याला हवी असलेली कलाकृती आहे, असे लूकस यांनी २००४ मध्ये मुलाखतीत स्पष्ट केले होते.

आरंभीच्या प्रती : रसिकांचे पहिले प्रयत्न लेझरडिस्कवरून (डीव्हीडीपूर्वीच्या मोठ्या चित्रचकतीवरून) डीव्हीडी बनवण्याचे होते. ते साधारणपणे २००० च्या सुमारास सुरू झाले असावेत. आधार मुख्यतः १९९३ व १९९५ च्या संचांचा, कारण मूळ चित्र असलेल्या त्या शेवटच्या चांगल्या अधिकृत प्रती होत्या. सप्टेंबर २००६ मध्ये मूळ आवृत्ती डीव्हीडीवर जोड-चकती म्हणून अधिकृतपणे आली, पण तीही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी बनवलेल्या टेपवरून. वर-खाली काळ्या पट्ट्या असल्याने ४८० ओळींपैकी प्रत्यक्ष चित्राला सुमारे २७०च उरत. मोठ्या पडद्यावर लावली की तारे विरघळून जात.

‘डीस्पेशलाइज्ड’ आवृत्ती : २०१० नंतर चेक प्रजासत्ताकातील, ‘हार्मी’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका रसिकाने वेगळा मार्ग काढला. २०११ च्या ब्लू-रेचे स्वच्छ चित्र पायाला घ्यायचे, आणि जेथे बदल झाला आहे तेथे जुन्या डीव्हीडीतून, फिल्मच्या सुट्या तुकड्यांच्या छायाचित्रांतून, प्रिंटच्या स्कॅनमधून मूळ चित्र आणून बसवायचे. एकाच चौकटीत तीन-तीन ठिकाणचे अंश असत. ल्यूकच्या तरंगत्या गाडीची चाके लपवण्यासाठी १९७६ च्या चित्रीकरणात भिंगाला व्हॅसलिन फासले होते. त्यामुळे गाडीखाली एक नारिंगी-गुलाबी धुरकट डाग दिसे. १९९७ मध्ये तो पुसून नीटनेटकी सावली घातली गेली. ‘डीस्पेशलाइज्ड’ आवृत्तीत तो डाग परत आला आहे, तोही चौकटीगणिक गाडीच्या वेगाबरोबर हलणारा. बर्फावरील लढाईत यानाच्या खिडकीच्या चौकटीतून पलीकडचे पांढरे मैदान झिरपून दिसे. तो जोडकामातला दोषही राखला आहे. ज्यांच्या हातांनी तो चित्रपट त्या साली, त्या साधनांनी बनवला, त्यांचे काम या दोषांत उघडे दिसते. म्हणून ही दोषांची निगराणी या प्रकल्पाचे सर्वांत मोलाचे अंग ठरते. मर्यादा इतकीच की ही पुनर्रचना आहे, त्या काळातला वस्तुरूप पुरावा नव्हे.

प्रिंटवरून स्कॅन : पुढचा टप्पा पडद्यावर चाललेल्या प्रिंटच शोधून स्कॅन करण्याचा. ‘टीम निगेटिव्ह वन’ या निनावी गटाने २०१६ मध्ये पहिल्या भागाची अशी प्रत तयार केली. त्यानंतर ‘४के७७’, ‘४के८३’ व ‘४के८०’ (४के हा चित्राचा दर्जा, पुढे प्रदर्शनाचे साल) ही कामे झाली. ‘४के७७’ मधील सुमारे ९७ टक्के चित्र एकाच टेक्निकलर प्रिंटवरून घेतल्याचे गट सांगतो. १२१ मिनिटांच्या चित्रपटाची ३५ मिमी प्रिंट म्हणजे साधारण १०,९०० फूट फिल्म आणि सुमारे पावणेदोन लाख चौकटी. धूळ, ओरखडे, रीळ संपत आल्याची खूण देणारे कोपऱ्यातले गोल ठिपके हे सारे त्यावर असते. ओरखडा फिल्मच्या पाठीवर असेल तर काळा दिसतो. रंगाच्या थरात शिरला असेल तर हिरवा, आणि खोल गेला की पांढरा. रोजचे काम करणारे त्या रंगावरून जखम किती खोल ते ओळखतात.

तीनही भागांचे नशीब अखेर रंगद्रव्यांनी ठरवले, हा या विषयातला सर्वांत लक्षणीय भाग. त्या काळच्या नेहमीच्या ईस्टमन (कोडॅक कंपनीच्या फिल्मवरील) प्रिंटमधले निळसर-हिरवे रंगद्रव्य सर्वांत आधी उडते. काही वर्षांत आकाश, वाळू, चेहरे सारे गुलाबी होतात. टेक्निकलरच्या शोषण-छपाईत तीन साच्यांवरून तयार रंग फिल्मवर एकामागून एक उतरवले जात, आणि ते जवळपास टिकाऊ असत. हॉलिवूडमधील हा विभाग १९७० च्या दशकाच्या मध्यास बंद झाला, पण लंडनचा आणखी थोडा काळ चालू होता. म्हणून १९७७ च्या चित्रपटाच्या काही ब्रिटिश प्रिंट आजही निळ्या रंगासह शाबूत आहेत. १९८३ च्या तिसऱ्या भागापर्यंत ईस्टमनची कमी उडणाऱ्या रंगांची नवी फिल्म आली होती, त्यामुळे त्याच्याही चांगल्या प्रिंट सापडतात. मधला १९८० चा भाग दोन्ही सोयींच्या मधोमध अडकला. लंडनची छपाई संपलेली आणि नवी फिल्म यायची होती. तिघांत उत्तम मानला जाणारा भाग म्हणूनच सर्वांत कठीण ठरला आणि ‘४के८०’ सर्वांत मागाहून पुरे झाले. फिकटलेल्या प्रिंटमधून उरलासुरला रंग ओढून काढावा लागतो, त्यात चित्रातले फिल्मचे कण वाढतात आणि सावल्या तांबूस राहतात.

प्रिंट हा प्रमाण आधार मानावा का, यावर मतभेद आहेत. प्रिंट ही निगेटिव्हपासून काही पिढ्या दूर असते. तिच्यात विरोधछटा जास्त असतात आणि अंधारातले बारकावे बुडतात. व्यावसायिक पुनःस्थापक निगेटिव्ह वा त्याच्या जवळची प्रत घेतात व प्रिंट केवळ रंगाच्या मेळासाठी जवळ ठेवतात. रसिकांचे म्हणणे, प्रेक्षकाने पाहिली ती प्रिंटच. कण पुसावेत की ठेवावेत, यावर त्यांच्यातही फूट आहे, आणि म्हणून ‘४के७७’ दोन्ही रूपांत उपलब्ध झाले. १२ जून २०२५ रोजी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने लंडनच्या आपल्या महोत्सवाचे उद्घाटन आपल्या संग्रहातील १९७७ च्या टेक्निकलर प्रिंटने केले. रसिक ज्या गोष्टीचा आग्रह धरत होते ती अधिकृत पडद्यावर, प्रकाशझोतात दिसली.

कायदा : प्रिंट चित्रपटगृहांना विकल्या जात नसत, भाड्याने जात. त्यामुळे खासगी संग्रहातील प्रिंटची मालकी नेहमीच संदिग्ध राहिली. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत संग्राहकांवर छापे पडले, अभिनेते रॉडी मॅकडॉवल यांचाही संग्रह जप्त झाला. रसिकांचे अलिखित नियम दोन : पैसे घ्यायचे नाहीत, आणि ज्याच्याकडे अधिकृत चकती आहे त्यानेच प्रत घ्यावी. कायद्यापुढे हे नियम संरक्षण देतीलच असे नाही. कर्त्याचा नैतिक हक्क येथे उलट दिशेने लागतो, हे विशेष. फ्रान्समध्ये १९९१ साली दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्या वारसांना चित्रपट रंगवण्याविरुद्ध न्याय मिळाला, पण बदल खुद्द कर्त्यानेच केला तर प्रेक्षकाच्या बाजूने उभा राहील असा हक्क नाही.

इतर चित्रपट : ‘ब्लेड रनर’च्या पाच आवृत्त्या २००७ मध्ये एकाच संचात अधिकृतपणे आल्या आणि रसिकांना काही करावेच लागले नाही. ‘ई.टी.’ मधील पोलिसांच्या बंदुकांच्या जागी २००२ मध्ये वॉकीटॉकी आल्या. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी पुढे याबद्दल खंत व्यक्त करून २०१२ मध्ये मूळ चित्र परत दिले. १९९३ पासून डीटीएस या पद्धतीचा ध्वनी स्वतंत्र सीडी-रॉमवर येई, आणि त्या चकत्यांवरून चित्रपटगृहातला ध्वनी वाचवण्याचे कामही रसिक करतात.

भारतीय संदर्भ : भारतात या स्वरूपाची संघटित रसिक-चळवळ दिसत नाही. फेरफार मात्र आहेत. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगीत करून पुन्हा लागला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सच्या साथीने सिद्ध केलेली ‘शोले’ची पूर्ण आवृत्ती जून २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. तिच्यात ठाकूर गब्बरला ठार मारतो. हा शेवट १९७५ मध्ये सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावा लागला होता. दिग्दर्शकाच्या मनातला चित्रपट अखेर मिळाला, हे भाग्यच. मात्र या नोंदीच्या व्याख्येने पाहिले तर पोलिस येऊन ठाकूरला थांबवतात तीच मूळ प्रदर्शित आवृत्ती. १५ ऑगस्ट १९७५ पासून मुंबईत मिनर्व्हाच्या प्रेक्षकांनी पाहिली ती तीच, आणि तिचीही प्रत तेवढ्याच काळजीने राखली जायला हवी.